फ्लॉपीवर लिहिलेलं ‘खाली’

माझा जन्म दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या सरकारी क्वार्टरमधला, घरात मराठी आणि जिना उतरलं की हिंदी. डिप्लोमा करून फरीदाबादच्या कारखान्यात लागले, ती आजपर्यंत तिथंच. आमची दोन मशीनं जुन्या कॉम्प्युटरवर चालतात, एक वरच्या मजल्यावर, एक खाली. काय सांगू तुम्हाला, इतके जुने की सेटिंग्ज एका बटणाएवढ्या सेलवर टिकतात, सेल संपला की कॉम्प्युटरला स्वतःची डिस्कसुद्धा ओळखू येत नाही. आणि डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूट रेकॉर्ड असतो, तो बिघडला तर संपलंच, सुरूच होत नाही. म्हणून मी दोन्हींची फ्लॉपीवर कॉपी घ्यायचे, एकीवर लिहायचे वर, दुसरीवर खाली. सवय हो, आईच्या गोळ्यांच्या डब्यांवरही मी मराठीतच लिहिते.

मग पराग मॅनेजर म्हणून आला. मराठीच, पण इथंच वाढलेला. त्याला कसलीशी फाइल न्यायला फ्लॉपी हवी होती, त्यानं कपाट उघडलं, खाली असं वाचलं आणि रिकामी समजून पुसून टाकली. वर मलाच हसत म्हणाला, आंटी, खाली लिखा था यार, तो फॉरमॅट कर दी.

पंधरवड्यात खालच्या कॉम्प्युटरचा सेल गेला. यानं अंदाजानं सेटिंग्ज भरल्या, बूट रेकॉर्डची पार वाट लावली, आणि मालकांसमोर माझ्या तोंडावर म्हणाला, आंटींनी बॅकअप कधी घेतलाच नव्हता. कधी घेतलाच नव्हता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांनी मला मशीनवरून काढून गेटपास फाडायच्या खिडकीत नेऊन बसवलं.

मी आधीपासूनच प्रत्येक फ्लॉपीची दुसरी कॉपी घरी ठेवते, हे त्याला माहीत नव्हतं. लगेच दाखवली असती, पण नाही दाखवली. तोंडी बोललेलं माणूस फिरवतो. मी खिडकीत अठरा दिवस बसले, गपचूप, त्यानं तेच खोटं मालकांना मेलवर लिहून देईपर्यंत. मग घरची कॉपी घेऊन गेले. सगळ्यांसमोर फ्लॉपी घातली, सेटिंग्ज भरल्या, मशीन सुरू केलं आणि मालकांना म्हटलं, कॉपीची तारीख वाचा. याच्या नोकरीच्याही आधीची होती. माझा जीव थंडावला, खोटं कशाला सांगू?

मालक म्हणाले, पराग, अब ये काम आंटी से सीखो.

तेव्हापासून रोज अर्धा तास माझ्याशेजारी बसतो. काकू म्हणतो आता. मराठी अक्षर चुकलं की मी फ्लॉपीचं लेबल फाडते आणि पुन्हा लिहायला लावते. त्याची बदलीसाठी खटपट चाललीय म्हणे. देव त्याला उदंड आयुष्य देवो, पण बदली न देवो, माझी अजून दोन वर्षं नोकरी आहे.