बाबांचं टीव्हीवर बुडालेलं बिटकॉइन

खोटं वाटेल तुम्हाला, पण माझ्या बाबांचं बिटकॉइन टीव्हीवर बुडालं. त्यांच्याकडे ते कधी नव्हतंच.

झालं असं, की बाबा घाटकोपरला डोळे तपासून बाहेर पडले. डॉक्टरांनी थेंब घातल्यामुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता. तेवढ्यात एका चॅनेलवालीने कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर धरून विचारलं, "काका, बिटकॉइन कोसळलं. काय वाटतं?"

"काय वाटणार?" बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

संध्याकाळी बातम्यांत बाबा दिसले. खाली पट्टी होती, 'मध्यमवर्गीय बाप उद्ध्वस्त'. लगेच शेजारच्या सावंतकाकू पिठलं-भात घेऊन आल्या, कुणी गेल्यावर त्या घरी नेतात तसा.

"काकू, अहो, आमचं काही बुडालं नाहीये," आई म्हणाली.

"असू दे गं. आधी दोन घास खा."

मग ताईला सांगून आलेल्या मुलुंडच्या स्थळाकडून फोन आला. त्यांचा मुलगा ताईला पसंत होता, त्यांचा होकार तेवढा यायचा होता. ताई पांढरीफटक पडली. बाबांना अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून मीच स्पीकर लावला.

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "माझेही पैसे बुडाले हो. घरी सांगायची हिंमत होत नव्हती. तुम्हाला असं चारचौघांत रडताना पाहिलं आणि वाटलं, माणूस आपल्यातला आहे."

खरं सांगायला बाबांनी तोंड उघडलं. ताईने त्यांच्यापुढे हात जोडले.

बाबा म्हणाले, "धीर धरा, व्याहीबुवा."