तीन नंबरचं मशीन

इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या डायलिसिस केंद्रात तीन नंबरचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं. नवऱ्याला घेऊन आलेली सनिया बाहेर बसली होती. मागच्या बाकावर डायलिसिससाठीच आलेले हाजी आणि उम्म वजदी, म्हणजे वजदीची आई, यांचं बोलणं आपसूकच तिच्या कानावर पडत होतं.

"हाजी, मशीन उघडून बसलेली ती पोरगी कोण हो?"

"नवी तंत्रज्ञ आहे. चष्मा लावून शिकलीय."

"चष्म्यानं मशीन दुरुस्त करायला शिकतात?"

"तसला चष्मा नव्हे, उम्म वजदी. तो लावला की समोरच्या मशीनवर बाण दिसतात. आधी हा स्क्रू, मग ती नळी. हात चुकला की लाल खूण येते."

"मग बरंच आहे की!"

"कसलं बरं? आज पहिल्यांदाच चष्म्याशिवाय करतेय. घरचा नळ दुरुस्त करायला घेतला, तर स्वयंपाकघराचं तळं केलं हिनं."

"घरचा? म्हणजे तुमच्या?"

"माझीच मुलगी आहे ती. रबाब नाव तिचं."

"अगंबाई! आणि पोटच्या पोरीला असं हिणवता?"

"हिणवत नाही हो. अंगातलं रक्त बाहेर काढून परत आत सोडतं ते मशीन. माझा काही भरवसा बसत नाही."

तेवढ्यात नर्स दारात आली. "मशीन सुरू झालं. तपासणीही नीट झाली. आता कोणाचा नंबर?"

"माझा," उम्म वजदी उठली.

"थांबा. आधी मी जातो."

"अहो, आत्ताच म्हणालात ना, भरवसा नाही म्हणून?"

"म्हणूनच."

हाजी बाही वर सारत आत गेले.