सौजन्य: माझी नणंद

दातांच्या दवाखान्यात बुकबाइंडर गालात कापूस धरून बसला होता. अर्धं तोंड बधिर, त्यात डॉक्टरांनी तासभर बोलायचं नाही म्हणून बजावलेलं. समोरच्या बाकावर नणंद-भावजय एकाच फोनात डोकं घालून बसल्या होत्या.

“वहिनी, साठ हजार लोकांनी पाहिला गं तो व्हिडिओ.”

“पाहणारच. चिंध्या झालेल्या शब्दकोशाची अशी नवी बांधणी होताना कोणी बघितलीय?”

“पण तू तो टाकताना खाली ‘सौजन्य: माझी नणंद’ आणि वर माझा नंबर कशाला लिहिलास?”

“तूच पाठवलास ना मला? दुसऱ्याचं श्रेय लाटणाऱ्यातली मी नव्हे.”

“अगं, मला ऑफिसातल्या बाईंनी पाठवला, त्यांना त्यांच्या जावयाने. सकाळपासून अकरा फोन आलेत. एक मुख्याध्यापिका लायब्ररीची तीनशे पुस्तकं घेऊन घरी यायला निघाल्यात. आणि मला साधं वहीला कव्हर घालता येत नाही.”

“मग खऱ्या माणसाचं नाव टाकू.”

“नाव कुठंय? नुसते हात दिसतात. आणि तो वाकडा अंगठा.”

बुकबाइंडर ताडकन उठला. बोलायला गेला तर तोंडातून नुसतं ‘ऊं ऊं’ निघालं. मग त्याने दोघींच्या नाकासमोर अंगठाच धरला.

“बघ, काकांनाही आवडला व्हिडिओ.”

“वहिनी, हसू नकोस. अंगठा बघ.”

“अगंबाई.”

“काका, तुमचं नाव काय?”

“ऊं ऊं.”

“पेन काढ, वहिनी. बाकी सगळं राहू दे, आधी पेन काढ.”