पडद्यावर मेलेली पेशी

सेमिनारचं नाव काढू नका यार! ऐंशीच्या सुमारास घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशींवर माझा पहिला सेमिनार होता. पेशी दुभंगतानाचा एक धड फोटो मिळायला मला वर्ष लागलं होतं. नेमकी त्याच फोटोची स्लाइड प्रोजेक्टरमध्ये अडकली आणि दिव्याच्या उष्णतेने पडद्यावरच्या पेशीला फोड यायला लागले.

"शुभा, बंद कर गं, जळतेय ती!" मी ओरडले. प्रोजेक्टर सांभाळणारी शुभा घाबरून भलतीच बटणं दाबत राहिली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत घोरणारे आमचे विभागप्रमुख दचकून जागे झाले.

"बंद करू नका!" ते गरजले. "पेशी मरताना इतकी स्वच्छ मी जन्मात पाहिली नाही. औषध कुठलं दिलंस गं हिला?"