अहिल्याची गोगलगाय

लतिका : सर, मी फोटो पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. बिल्कुल डाउट नाही. तुम्ही नाव दिलेली गोगलगाय आणि लंडनच्या म्युझियममधली ही, एकच आहे.

अण्णासाहेब : कुठली ती?

लतिका : इथलीच, दिल्लीची. हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या रिजच्या टेकडीवरची. कुणा इंग्रज कॅप्टनने १८६४ मध्येच नाव दिलंय.

अण्णासाहेब : मग माझं नाव बाद. लिनियसने नावं द्यायची रीत घातली, मागून आलेल्यांनी नियम केला, आधीचं नाव तेच खरं. मीच शिकवलंय की तुला.

लतिका : आधीच्या नावाखाली सिनॉनिम म्हणून राहील ना, सर.

अण्णासाहेब : बारीक अक्षरात. लतिका, तो शंख माझ्या पोरीने उचलला होता. फ्रॉकच्या खिशात घालून घरी आणला. तिचं नाव दिलेला पेपर छापून आला तेव्हा अहिल्या नव्हती. मेंदूज्वराने गेली. तिची आई घरात तिचा फोटोसुद्धा लावू देत नाही. म्हणते, जगात तिचं नाव चालू आहे, तेवढं पुरे. थांब ना गं थोडी. ही आहे तोवर तरी.

लतिका : माझा पेपर ॲक्सेप्ट झालाय, सर. म्हणून तर मेट्रो पकडून आधी मयूर विहारला आले. माझ्या बेडकाला मी आईचं नाव दिलं होतं, आठवतं? याच नियमाने तुम्ही ते खोडलंत.

अण्णासाहेब : आठवतं. तू रडायला लागलीस, तर म्हटलं, शास्त्रात नातीगोती आणू नकोस. किती सहज म्हणून गेलो!

(चंद्रप्रभा चहाचा ट्रे घेऊन येते.)

अण्णासाहेब : अगं, तू केव्हा आलीस?

चंद्रप्रभा : दारातच होते. सगळं ऐकलं. लतिका, ते आधीचं नाव कुणाचं गं?

लतिका : एमिली म्हणून कुणीतरी, काकू.

चंद्रप्रभा : त्याची मुलगी?

लतिका : माहीत नाही. कुठेच लिहिलेलं नाही.

चंद्रप्रभा : म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, कोण होती ती?

लतिका : नाही, काकू. सॉरी.

चंद्रप्रभा : आणि तरी तिचंच राहणार.

अण्णासाहेब : बस जरा. ट्रे दे इकडे.

चंद्रप्रभा : अहो, आपल्या दोघांनंतर अहिल्याला तिच्या नावाने ओळखणारं आता कुणीच नाही हो.