काकीच्या चार्टवर मी लिहिलेले आकडे

मी मूळचा आगरदांड्याचा. वडील दिघीच्या लाँचवर होते, दोर टाकायचा, माणसं चढवायची, उतरवायची, जन्मभर तेच. आई मी सहावीत असताना गेली, मग मला जेवायला घातलं ते शेवंताकाकीने. नात्याची न्हाय ती, भिंतीला भिंत लागून घर, एवढंच. मी बोलणारा माणूस न्हाय, तेव्हाही नव्हतो, काकी म्हणायची, मधू, तुझ्या तोंडातून शब्द काढायचा तर गळ टाकून बसावं लागतं. आज सांगतोय तर मधे थांबवू नका, थांबवलंत तर राहून जाईल.

बारावीनंतर अलिबागकडे एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागलो, हॉस्पिटलचं नाव घालू नका, चूक माझी हाय, त्यांची न्हाय. पॉट द्यायचे, चादरी बदलायच्या, स्ट्रेचर ढकलायचं, त्यातच केस पिकले. मग करोना आला. दुसऱ्या लाटेत कामाच्या मावश्या निम्म्या आजारी पडल्या, निम्म्या भीतीने येईनात, तेव्हा बायांच्या वॉर्डातही आम्हा पुरुषांनाच घातलं. आणि त्यात एक दिवस काकी आली. मुलाने, नितीनने, दारापर्यंत आणलं, पुढे त्याला सोडत नव्हते. मी अंगभर किट घातलेला, चष्म्यावर वाफ धरलेली, पण तिने आवाजावरून ओळखलं. मधू का रे? म्हटलं, व्हय काकी. तशी रडली, आणि म्हणाली, आता मला काय होत न्हाय, घरचं माणूस हाय.

घरचं माणूस होतो तेच वाईट झालं बघा. ऑक्सिजन लावलेला, खाटेवरून उतरायचं न्हाय, म्हणजे लघवीला पॉट लावायचा, मग ती मोजायच्या भांड्यात ओतायची आणि किती मिली झाली ते खाटेला अडकवलेल्या चार्टवर लिहायचं. सिस्टरने मला दहादा बजावलेलं, दादा, ह्या आजारात फुप्फुसं जातात तशी किडनीपण जाते, लघवी कमी झाली की मला लगेच सांगायचं. आणि काकी मला पॉट लावू देईना. म्हणाली, तुला मी हाताने भरवलंय मेल्या, आता तुझ्याम्होरं लुगडं वर करू? त्यापेक्षा मी पाणीच पीत न्हाय. आणि खरंच पीत नव्हती, बाटली तशीच. म्हटलं, काकी, लिहावं लागतं. तर म्हणते, मग लिही की काहीतरी, न्हायतर त्या सिस्टर लघवीची नळी घालतील मला. मी चारशे लिहिले. खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं, मलापण लाज वाटत होती. झाली असेल शंभर, तीही बाजूच्या बाईने पॉट दिला तेव्हा.

हा झाला पहिला दिवस. ह्याच्याबद्दल मी कोणालाही सांगू शकलो असतो, यात आम्ही दोघं होतो. दुसऱ्या दिवसाचं मात्र, काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या दिवशी तीच घाबरली, बाटलीभर पाणी प्याली, स्वतःहून पॉट मागितला, लाजबिज सगळी सोडून. मी पडदा ओढून बाहेर उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आतून म्हणाली, मधू, होतच न्हाय रे, लागल्यासारखं वाटतं पण होतच न्हाय. पॉट कोरडा. सिस्टर दहा पावलांवर होती. मी जाऊन सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, काल चारशे आणि आज एकदम काहीच न्हाय, असं कसं? मग कालचं उघडं पडलं असतं. मी पेन काढलं आणि पुन्हा चारशे लिहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजले, तोंड सुजलं, रक्ताचा रिपोर्ट आला त्यात किडनी बसलेली. डॉक्टर चार्ट हातात धरून सगळ्यांना विचारत होते, लघवी तर होतेय, मग हे काय? मी तिथेच उभा होतो. 

काकी वाचली, पण किडनी परत आली न्हाय. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पुढे मी डॉक्टरांना आडून विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत न्हाय, करोनात पुष्कळांचं असं झालं, वेळेवर कळूनही झालं. पुष्कळांचं झालं असेल. पण पुष्कळांनी मला सांगितलं नव्हतं, होतच न्हाय म्हणून.

डायलिसिसच्या खोलीतली ड्युटी मीच मागून घेतली. नितीन तिला आणतो, माझा हात हातात घेऊन म्हणतो, मधूदादा, तुम्ही होतात म्हणून आई दिसतेय. चार वर्षं हे ऐकलं. सुकटीची पिशवी आणतो, सणाला शर्टाचं कापड आणतो. शेवटी गेल्या पावसाळ्यात मशीन चालू असताना, नितीन चहाला गेलेला, मी स्टूल ओढून बसलो आणि काकीला म्हटलं, चार्टवर मी खोटं लिहिलं होतं. ती हसली, म्हणाली, मीच लिही म्हटलं होतं ना, ते धरून बसलास व्हय येड्या? म्हटलं, ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस, होत न्हाय म्हणून, तरी लिहिलं. तेव्हा तापात होती, तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मी सांगितलं नसतं तर तिला कधी कळलंच नसतं.

ती मशीनकडे बघत राहिली. दोन तास उरले होते, ते संपेपर्यंत. नितीन न्यायला आला तेव्हा त्याला म्हणाली, चल, आणि जाताना मला एवढंच, पोराला सांगू नको, त्याला कोणीतरी चांगलं वाटू दे.

त्यानंतरही येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. बोलते कामापुरतं. देव तिला आयुष्य देवो, दुसरं मी काय म्हणणार. डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन घ्यावं लागतं, ते मीच लिहितो. पूर्वी ती काट्यावर उभी राहून भिंतीकडे बघायची. आता कनवटीचा चष्मा काढून डोळ्याला लावते, वाकते, आकडा स्वतः वाचते, दोनदा वाचते, मोठ्याने सांगते, आणि मग मला म्हणते, हं, लिही.