चोथ्यासकट रस

‘नितळ’ म्हणजे ज्यातून पेल्याचा तळ स्वच्छ दिसतो ते; नुसते पातळ नव्हे. माझ्या साडूंना शौचातून रक्त जात होते, म्हणून अमरावतीत कोलोनोस्कोपी ठरली. आदल्या दिवशी केवळ नितळ पेये घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. परतवाड्याच्या या बागायतदारांनी दिवसभर संत्र्यांचा चोथ्यासकट रस ढोसला.

“अहो, निदान गाळून तरी घ्यायचा!” मी म्हणालो.

“गाळेल रस रोग्याले देतेत, भाऊ!”

“मग उद्या तपासणी कोणाची आहे?”

“माही. पण रस आपल्या बागेतला हाये ना!”

आतड्यात चोथाच चोथा दिसला आणि तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली. परतवाड्यात आता सांगतात, डॉक्टरांना काहीच सापडले नाही, माणूस ठणठणीत आहे. हे साफ चूक. डॉक्टरांना अजून आत पाहताच आलेले नाही, आणि रक्त थांबलेले नाही.